पाण्याच्या वाटेवरचे पानिपत

(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



'पानिपत' हा शब्द मराठी मुलाच्या कानावर प्रथम पडतो तो बहुधा इतिहासाच्या तासाला. पुढे शाळा सुटते, सनावळ्या विसरल्या जातात, पण तो शब्द जिभेवर राहतो. निवडणुकीत, परीक्षेत किंवा क्रिकेटच्या मैदानावर कुणाची दाणादाण उडाली की 'पानिपत झाले' असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. एका गावाचे नाव पराभवाचा समानार्थी शब्द होऊन बसल्यामुळे त्या गावाविषयी आणखी काही विचारावे असे कुणाला सुचतच नाही. तेथे आज कोण राहते, ते काय करतात, पाणी कोठून आणतात, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात नसतात.

आजचे पानिपत हे हरियाणातील विणकरांचे आणि कारखान्यांचे शहर आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ९५ हजार होती. दिल्लीपासून नव्वदएक किलोमीटरवर, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात ते येते. काला अंब या जागी लढाईचे स्मारक आहे आणि दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे तेथे जातात. त्या भागातील रोड समाज स्वतःचे मूळ मराठा सैन्यात सांगतो आणि आलेल्या पाहुण्यांचे आपुलकीने स्वागत करतो. परंतु स्मारकाला वंदन करून परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते की, हे गाव आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखे आहे. वाळवंटाच्या कडेची शहरे थोड्या पाण्यावर कशी वाढतात, कशी टिकतात आणि कधी कशी मोडतात, याचे साडेसहाशे वर्षांचे धडे या एका परिसरात उघडे पडलेले आहेत.

पानिपत स्वतः वाळवंटात नाही. त्याच्या पूर्वेला यमुना वाहते. मात्र ते पाण्याच्या वाटेवर वसलेले आहे. यमुना डोंगर सोडून सपाटीवर येते तेथे, यमुनानगर जिल्ह्यात, हथनीकुंडचा बंधारा आहे. तेथून निघणारा पश्चिम यमुना कालवा दक्षिणेकडे येत पानिपतच्या वायव्येला मुनक या गावी पोचतो आणि तेथे त्याला फाटे फुटतात. एक शाखा पश्चिमेकडे हांसी-हिसारला, म्हणजे वाळवंटाच्या दिशेने जाते. दुसरी पानिपतच्या बाजूने दिल्लीला, म्हणजे राजधानीच्या दिशेने जाते. पाणी एकच, आणि त्याची वाट पाहणारे दोन्हीकडे. कुणाला किती द्यायचे, कोणी ठरवायचे आणि कालव्याची देखभाल कोणी करायची, हे प्रश्न या फाट्यावर शतकानुशतके उभे आहेत.

त्याचा आरंभ चौदाव्या शतकात झाला. फिरोझशाह तुघलकाने १३५४ च्या सुमारास हिसार वसविले. ती जागा मोक्याची होती, पण कोरडी होती. शम्स सिराज अफीफ या तत्कालीन इतिहासकाराने नोंदविले आहे की, इराक-खुरासानकडून येणाऱ्या वाटसरूंना उन्हाळ्यात तेथे पाण्याच्या एका घड्यासाठी चार जितल मोजावे लागत. जेथे घडाभर पाणीही विकत घ्यावे लागते तेथे शहर वसवायचे, तर आधी पाणी आणले पाहिजे, हे सुलतानाने ओळखले. त्याने यमुनेतून आणि सतलजमधून कालवे काढून हिसारपर्यंत नेले. एवढेच करून तो थांबला नाही. कालव्यामुळे ज्यांच्या जमिनी भिजल्या त्यांच्याकडून काही घेणे न्याय्य आहे का, हा प्रश्न त्याने धर्मशास्त्र जाणणाऱ्या विद्वानांपुढे ठेवला आणि त्यांच्या संमतीने उत्पन्नाचा दहावा हिस्सा पाणीपट्टी म्हणून बसविला. पाणी आणण्यासाठी श्रम आणि पैसा लागतो, तो ज्याला लाभ झाला त्याने द्यावा, हा विचार इतका जुना आहे.

फिरोझशाहानंतर कालवा गाळाने भरला. अकबराच्या कारकिर्दीत त्याची दुरुस्ती झाली. शाहजहानने नवी दिल्ली वसविली तेव्हा अली मर्दान खान याच्या देखरेखीखाली हे पाणी राजधानीपर्यंत नेण्यात आले. लाल किल्ल्याच्या महालांतून आणि चांदणी चौकाच्या मधोमध ते खेळत असे. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास मोगल सत्ता खिळखिळी झाली आणि तिच्याबरोबर कालवाही कोरडा पडला. कालवा खणणे हे एका राजाच्या हौसेने होऊ शकते. तो वाहता ठेवण्यासाठी मात्र दरवर्षी गाळ काढावा लागतो, फुटलेले काठ बांधावे लागतात, पाणी चोरणाऱ्याला आवरावे लागते. हे काम न दिसणारे आणि न संपणारे असते. ज्या दिवशी ते करणारे कोणी उरत नाही, त्या दिवसापासून शहर मागे सरू लागते. वाळवंट शहरावर चाल करून येत नाही; राखण सुटली की ते आपोआप आत शिरते.

याच उतरत्या काळात सदाशिवरावभाऊ उत्तरेत गेले. १७६० च्या पावसाळ्यात दुथडी भरलेल्या यमुनेने दोन्ही सैन्यांना एकमेकांपासून दूर ठेवले होते. ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतले. महिनाअखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठे पानिपतपाशी खंदक खणून राहिले. या छावणीत लढवय्यांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, स्त्रिया आणि मुले मिळून लाखाहून अधिक माणसे होती, शिवाय असंख्य जनावरे. त्या काळच्या हिशेबाने ते एक मोठे शहरच होते. त्याला तटबंदी होती, बाजार होता, तोफखाना होता. नव्हता तो शहराला पोसणारा भोवतालचा मुलूख. धान्य, चारा आणि जळण बाहेरून यायचे आणि बाहेरच्या वाटा एकेक करून बंद झाल्या. अब्दालीची रसद तोडण्यासाठी दोआबात उतरलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. अडीच महिने हे शहर उपासमारीत तग धरून राहिले आणि अखेर १४ जानेवारी १७६१ रोजी, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे म्हणून, बाहेर पडले.

या लढाईची कारणमीमांसा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे आणि तिच्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. शहरांचा विचार करणाऱ्यांसाठी मात्र तीत एक गोष्ट स्पष्ट आहे. शहराचा प्राण त्याच्या भिंतींच्या आत नसतो. तो दूरच्या शेतात, दूरच्या नदीत आणि तेथून येणाऱ्या वाटेत असतो. ती वाट तुटली की किती माणसे आत आहेत हे बळ राहत नाही, तो भार होतो.

या प्रसंगाला पुण्याची एक बाजू आहे. ज्या नानासाहेब पेशव्यांनी ही मोहीम पाठविली, त्यांच्याच काळात कात्रजला तलाव बांधून भूमिगत दगडी नळांतून पुण्यात पाणी आणण्याची योजना झाली. शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या हौदांत ते पाणी पडे आणि त्यातील काही हौद विसाव्या शतकातही वापरात होते. पानिपतच्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत. जून १७६१ मध्ये पर्वतीवर त्यांचे देहावसान झाले. राज्यकर्ता म्हणून त्यांच्या खाती इतिहासाने पराभव मांडला, पण पुण्यातील सामान्य गृहिणीच्या घागरीत त्यांच्या नळाचे पाणी पुढे कित्येक पिढ्या पडत राहिले.

लढाईनंतर साठ वर्षांनी इंग्रजांनी जुना कालवा पुन्हा वाहता केला. १८२० मध्ये दिल्लीची शाखा सुरू झाली, १८२५ मध्ये हांसीची. कोरड्या मुलखात पाणी आले, उसाची आणि भाताची शेते दिसू लागली. मग एक विपरीत घडले. कालवा जुन्याच, सखल मार्गाने नेलेला होता आणि त्याच्या काठांनी पावसाच्या पाण्याचे नैसर्गिक उतार अडविले होते. पाणी साचू लागले, दलदल झाली. जमिनीखालचे पाणी वर चढले आणि त्याबरोबर क्षारही वर आले. पानिपत-कर्नालच्या शेतांवर पांढरी खारवट साय धरू लागली आणि तेथे गवतही उगवेना. हिवतापाने गावे अंथरुणाला खिळली. कर्नालची लष्करी छावणी या तापापायी १८४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कायमची सोडून द्यावी लागली.

कारण शोधण्यासाठी बेकर, डेम्पस्टर आणि यूल या तिघांची समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १८४७ चा आहे. डास हिवतापाचा वाहक आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. रोनाल्ड रॉसचा शोध त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८९७ मध्ये लागला. तरीही डॉक्टर डेम्पस्टर यांनी एक साधी युक्ती काढली. गावोगावी जाऊन त्यांनी लोकांची पोटे तपासली आणि किती जणांची प्लीहा वाढलेली आहे हे मोजले. जेथे कालव्याने जमीन चिंब झाली होती व निचरा नव्हता, तेथे हे प्रमाण अधिक होते. ही मोजणीची पद्धत पुढे जगभर हिवतापाच्या अभ्यासात रूढ झाली. डेन्झिल इबेट्सन या अधिकाऱ्याने १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पानिपत तहसिलीच्या जमाबंदी अहवालातही खारावलेल्या जमिनीची आणि खंगलेल्या गावांची हकीकत विस्ताराने दिली आहे. पुढे कालव्याची आखणी बदलून तो उंचावरून नेण्यात आला आणि पाणी वाहून जाण्यासाठी चर खोदले गेले. पाणी आणणे हे अर्धे काम आहे आणि त्याला जाण्याची वाट करून देणे हे उरलेले अर्धे, हे शिकण्यासाठी या मुलखाने मोठी किंमत मोजली.

हा धडा एकदा शिकून संपत नाही. जोधपूर हे खऱ्या अर्थाने वाळवंटातील शहर. तेथील लोकांनी शतकानुशतके डोंगरउतारावरचे पाणी तलावांत आणि बावड्यांत साठवून तहान भागविली. जैसलमेरला, जेथे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास असतो, गडीसरचा तलाव शहर पाजत असे. वाळवंटातील घरोघरच्या अंगणांत छपराचे पाणी धरणारी टाकी असत. त्यांना तेथे टांके म्हणतात. शेतासाठी पालीवाल ब्राह्मणांनी खडीन बांधले. उताराचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, ते जिरू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचे पीक घ्यायचे, अशी ती रीत. पुढे इंदिरा गांधी कालव्यातून हिमालयाचे पाणी जोधपुरास आले. नळ आले तशा बावड्या ओस पडल्या, त्यांचा उपसा थांबला आणि नव्याने येणारे पाणी जमिनीत मुरत राहिले. परिणामी वाळवंटातल्या या शहरात काही भागांतील तळघरे जमिनीखालच्या पाण्याने भरू लागली. एकीकडे शेकडो किलोमीटरवरून पाणी आणायचे आणि दुसरीकडे तळघरातले पंपाने उपसून फेकायचे, अशी वेळ आली. शहाणपण जुने होते. ते नव्या सोयीबरोबर जपायला हवे होते.

आता आजच्या पानिपतकडे वळू. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी आणि विणकरांनी येथे हातमाग उभे केले. सतरंज्या, पडदे, चादरी आणि घोंगड्या यांसाठी पानिपतचे नाव देशभर झाले. परंतु या शहराची खरी नवलाई वेगळी आहे. युरोप-अमेरिकेतील लोकांनी टाकून दिलेले जुने कपडे गाठोड्यांनी कांडला व मुंद्रा बंदरांत उतरतात आणि तेथून येथे येतात. कारखान्यांत बसलेल्या बायका त्यांची बटणे व साखळ्या काढतात आणि रंगांप्रमाणे ढीग लावतात. लाल लालात, निळा निळ्यात. मग हे कपडे यंत्रात पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढतात. त्यापासून विणलेल्या स्वस्त घोंगड्या भूकंप आणि पूर यांच्या मदतकार्यात जगभर वाटल्या गेल्या आहेत. ही विद्या मूळची इंग्लंडमधील यॉर्कशायरची, १८१३ च्या सुमाराची.

पाण्याच्या दृष्टीने या धंद्यात एक गोष्ट मोलाची आहे. कपडे आधीच रंगानुसार वेगळे केल्यामुळे धाग्याला पुन्हा रंग द्यावा लागत नाही. कापडधंद्यात पाणी खाणारे आणि पाणी नासवणारे सर्वांत मोठे काम म्हणजे रंगाई व धुलाई. तेच येथे वगळले जाते. शिवाय नवा कापूस पिकवावा लागत नाही. कापसाच्या एका साध्या सदऱ्यामागे शेतापासून शिवणापर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा अंदाज नेहमी दिला जातो. एक बाई दिवसभर बसून लाल-निळे ढीग वेगळे करते तेव्हा ती किती पाणी वाचवते याचा हिशेब तिच्या मजुरीत कोठेच धरलेला नसतो. तिच्या वाट्याला येते ती धाग्यांची धूळ आणि तिने होणारा खोकला.

त्याच शहराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळा धंदा कोरडा नाही. अलीकडे जुन्या लोकरी घोंगड्यांची जागा मऊ पॉलिएस्टरच्या रंगीत पांघरुणांनी घेतली आहे. त्यांना छपाई लागते, चादरी-पडद्यांना रंग लागतो आणि त्यासाठी जमिनीखालचे पाणी उपसले जाते. रंगाई कारखान्यांसाठी सेक्टर २९ मध्ये वसाहत झाली, सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रही झाले. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत पानिपतचे नाव आले. शहराचे आणि कारखान्यांचे पाणी 'ड्रेन नंबर दोन' या नाल्यातून वाहत जाऊन खोजकीपूर गावापाशी यमुनेला मिळते. तेथून खाली दिल्ली आहे. हिवाळ्यात नदी रोडावते, पाण्यातील अमोनिया वाढतो आणि दिल्लीतील वझिराबाद व चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांना उत्पादन घटवावे लागते. वरचे शहर जे टाकते ते खालच्या शहराच्या पेल्यात उतरते. आणि त्या नाल्याच्या काठी राहणाऱ्या गावकऱ्यांचे काय होते, हे पेल्यापर्यंत पोचतही नाही.

जमिनीखालच्या पाण्याची स्थितीही चिंतेची आहे. एके काळी जेथे पाणी वर येऊन जमिनी खारावत होत्या, तेथेच आता विंधनविहिरी दरवर्षी खोल जातात. जिल्ह्यातील बहुतेक भाग भूजलाच्या अतिउपशाखाली मोडतो. याला केवळ कारखाने जबाबदार नाहीत. हरितक्रांतीनंतर गव्हाबरोबर भात हे येथले मुख्य पीक झाले. ऐन उन्हाळ्यात लावणी केलेल्या भाताला सारे पाणी जमिनीतून द्यावे लागे. म्हणून हरियाणाने २००९ मध्ये कायदा करून १५ जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी घातली. २०२० मध्ये 'मेरा पानी मेरी विरासत' या योजनेखाली भात सोडून दुसरे पीक घेणाऱ्या शेतकऱ्यास एकरी ७,००० रुपये देण्याचे ठरले. नुसत्या तारखेने किती फरक पडू शकतो ते यातून कळते. लावणी मृगाच्या पावसाशी जुळवून घेतली की तेच पीक कमी उपशावर निघते. पेरणीची वेळ आभाळाकडे पाहून ठरविण्याचे जे भान जुन्या शेतकऱ्याला होते, ते आता कायद्याला शिकवावे लागत आहे.

दुरून पाणी आणणाऱ्या शहराचा जीव किती बारीक दोरीला टांगलेला असतो याचा प्रत्यय फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. दिल्लीचे पाणी गळतीने वाया जाऊ नये म्हणून मुनकपासून दिल्लीच्या हैदरपूरपर्यंत १०२ किलोमीटरचा सिमेंटचे अस्तर लावलेला नवा कालवा बांधण्यात आला आहे. आरक्षणाच्या आंदोलनात मुनक येथे कालव्याची नाकेबंदी झाली आणि राजधानीचा मोठा भाग कोरडा पडला. २२ फेब्रुवारीला दिल्लीतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि कालव्याचा ताबा घेण्यासाठी सैन्य पाठवावे लागले. पानिपतच्या पंचक्रोशीत रसद तुटली की काय होते हे अडीचशे वर्षांपूर्वी एका छावणीने अनुभवले होते. आता ते एका महानगराने अनुभवले. तेव्हा शत्रू समोर होता. या वेळी पाण्याच्या वाटेवर राहणारी आणि आपले ऐकले जात नाही असे वाटणारी आपलीच माणसे होती. ज्यांच्या दारावरून पाणी जाते त्यांच्याशी नाते नसेल तर कितीही पक्का कालवा भरवशाचा ठरत नाही.

वाटणीचा हा प्रश्न कागदावर सुटलेला आहे. १२ मे १९९४ रोजी यमुनेच्या वरच्या खोऱ्यातील राज्यांनी करार करून पाण्याचे हिस्से ठरविले. राजस्थानच्या वाट्याला वर्षाला सुमारे १.१ अब्ज घनमीटर आले. त्यातील हथनीकुंडचे पाणी चुरू, सीकर आणि झुंझुनूच्या वाळवंटी जिल्ह्यांना नळांतून नेण्यासाठी प्रकल्प अहवाल तयार करण्याचा करार दोन्ही राज्यांत झाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधल्या तीस वर्षांत तेथे जन्मलेली मुले मोठी झाली आणि त्यांचीही मुले शाळेत जाऊ लागली.

मग उपाय कोणता? जगातील कोरड्या शहरांनी तीन वाटा चोखाळल्या आहेत. पाऊस पडेल तेथे साठवणे, दुरून आणणे आणि वापरलेले शुद्ध करून पुन्हा वापरणे. दुरून आणण्याची वाट सर्वांत झगझगीत, म्हणून तीच आधी धरली जाते. पण टिकतात ती शहरे ज्यांनी उरलेल्या दोन वाटा सोडल्या नाहीत. नामिबियाची राजधानी विंडहुक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरते. हे ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. पानिपतच्या खाली दिल्लीत जे घडते तेही एका अर्थी हेच आहे. फरक इतकाच की विंडहुक ते जाणून, मोजून आणि तपासून करते. महाराष्ट्रातही उदाहरण आहे. नागपूर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते आणि तेवढे चांगले पाणी पिण्यासाठी मोकळे राहते.

पालकहो, पानिपतची ही कथा महाराष्ट्रातील मराठी शाळेच्या व्यासपीठावर सांगण्याचे कारण एप्रिल २०१६ मध्ये घडलेल्या एका घटनेत आहे. दिल्लीच्या शाळा पाण्यावाचून बंद राहिल्या त्याला दोन महिने होत नाहीत तोच, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या उन्हाळ्यात शहराला तो मोठा आधार वाटला, आणि तो होताही.

येथे गणिताच्या तासाला सोडविता येईल असे एक उदाहरण मांडतो येते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. हजार चौरस मीटर छपराच्या शाळेवर वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सात लाख लिटर पाणी पडते. दुष्काळात पाऊस निम्मा झाला तरी साडेतीन लाख. थोडे उडून जाईल, थोडे सांडेल, हे धरूनही उरते ते कमी नाही. म्हणजे ज्या गाडीच्या स्वागतासाठी अख्खे शहर स्टेशनवर लोटले, तिच्यातील पाण्याच्या जवळपास जाणारे पाणी एका मध्यम शाळेच्या कौलांवरून दरवर्षी गटारात जाते. त्याने शहराची तहान भागणार नाही हे खरे. पण शाळेची बाग, स्वच्छतागृहे आणि कोरडी पडलेली कूपनलिका यांना ते पुरेसे आहे, आणि त्याहून मोठे म्हणजे ते मुलांनी स्वतः मोजलेले असेल.

शाळेला साठ वर्षे पूर्ण होताना इमारतींची, निकालांची आणि नामवंत विद्यार्थ्यांची मोजदाद होते, ती व्हावीच. त्याबरोबर पाण्याची एक वही या वर्षापासून सुरू व्हावी. शाळेच्या छपरावर किती पाऊस पडला, किती साठला, किती वापरला आणि किती वाया गेला, एवढ्याच चार रकाने असलेली. ती दरवर्षी नवव्या इयत्तेने लिहावी आणि पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. फिरोझशाहाचा कालवा बुजला तो पाणी नव्हते म्हणून नव्हे, तर त्याची नोंद ठेवणारा आणि गाळ काढणारा माणूस उरला नाही म्हणून. शाळा हे असे ठिकाण आहे की जेथे माणसे बदलतात, पण काम पुढच्या इयत्तेकडे सोपविले जाते.

अमृत महोत्सवाला ती वही पंधरा वर्षांची झालेली असेल. आज पहिलीत असलेली मुले तेव्हा तिची पहिली पाने उघडतील. त्यांच्या तोंडी 'पानिपत' हा शब्द असेलच. तो ऐकताना त्यांना पराभवाबरोबर मुनकचा फाटा, पाण्यासाठी चार जितल मोजणारा वाटसरू आणि लाल-निळे ढीग लावणारी ती बाईही आठवावी, एवढीच या प्रसंगी सदिच्छा.